अब्दुर्रहमान अल-सूफी : दुर्बीण नसताना ‘छोटा ढग’ टिपून ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ

मुस्लिम शास्त्रज्ञांनी जगाला काय काय दिलं, याची एक लांबलचक यादी आपल्या मोबाईलवर अधूनमधून फिरत असते. त्यात एक ओळ हमखास असते. देवयानी दीर्घिका, म्हणजे इंग्रजीत जिला अँड्रोमेडा गॅलेक्सी म्हणतात, तिचा शोध अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी लावला. वाचणारा माशाअल्लाह म्हणतो आणि पुढे पाठवतो. हे सूफी कोण, कुठले, त्यांनी नेमकं काय पाहिलं, हे विचारायला कोणी थांबत नाही. खरं तर ती ओळ अर्धीच बरोबर आहे, आणि उरलेली अर्धी हकीकत त्या ओळीपेक्षा कितीतरी सुंदर आहे.

पूर्ण नाव अबुल हुसैन अब्दुर्रहमान बिन उमर अल-सूफी. जन्म हिजरी 291 च्या मोहरममध्ये, म्हणजे डिसेंबर 903 मध्ये, रय या शहरात. आजच्या तेहरानला लागून रयचे अवशेष आहेत. प्रसिद्ध हकीम अबू बकर अल-राझी याच रयचे. ‘राझी’ म्हणजेच रयचा. सूफी लहान होते तेव्हा राझी हयात होते. त्यांची कधी भेट झाली का, हा आपल्या कल्पनेचा भाग, पण मुलगा कसल्या गावात वाढला याचा अंदाज येतो.

राजकारणाच्या दृष्टीने काळ उलथापालथीचा होता. बगदादला अब्बासी खलिफा गादीवर होते, पण 945 मध्ये दैलमच्या डोंगराळ भागातून आलेल्या बुवैही घराण्याने बगदाद घेतलं. खलिफा नावापुरते राहिले आणि सत्ता या अमीरांच्या हाती गेली. त्यातला सर्वात कर्तबगार अमीर म्हणजे अझुद-उद-दौला. शिराज ही त्याची राजधानी. बगदादमधला त्याच्या नावाचा दवाखाना आणि फार्स प्रांतातला बंद-ए-अमीर हा बांध ही त्याची कामं. या माणसाला विद्वानांची संगत आवडायची. व्याकरणात आपले उस्ताद अबू अली अल-फारसी आणि ताऱ्यांच्या ज्ञानात आपले उस्ताद अल-सूफी, असं तो अभिमानाने सांगायचा. सूफी वयाने त्याच्यापेक्षा तीसेक वर्षांनी मोठे. दरबारी नोकर आणि मालक असं नातं तिथे नव्हतं, शागीर्द आणि उस्ताद असं होतं. बादशहाने शागीर्द म्हणवून घेण्यात कमीपणा मानला नाही, याचं मला शिक्षक म्हणून जरा जास्तच कौतुक वाटतं.

आता मूळ कामाकडे येऊ. त्या काळी ताऱ्यांबद्दलचा सर्वात मोठा आधार म्हणजे टॉलेमीचा ग्रंथ. अरबीत त्याला अल-मजिस्ती म्हणतात. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात इजिप्तच्या अलेक्झांड्रियात बसून टॉलेमीने एक हजाराहून जास्त ताऱ्यांची यादी केली होती. 48 तारकासमूह, प्रत्येक ताऱ्याची जागा आणि त्याची प्रत. सर्वात तेजस्वी तारे पहिल्या प्रतीचे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे सहाव्या. नवव्या शतकात या ग्रंथाचं अरबीत भाषांतर झालं आणि मग पुढे सगळे त्यातूनच उतरवून घेऊ लागले.

दुसरीकडे अरबांचं स्वतःचं आकाश होतं. वाळवंटात रात्रीचा प्रवास करणाऱ्या लोकांनी ताऱ्यांना आपली नावं दिली होती. कुठला तारा उगवला की पाऊस येतो, कुठला मावळला की थंडी सुरू होते, हे त्यांना तोंडपाठ होतं. या माहितीची वेगळी पुस्तकं होती. तिथे मासा होता, शहामृग होते, चंद्राच्या 28 मंजिली होत्या, अगदी आपल्या नक्षत्रांसारख्या.

सूफींनी या दोन्ही बाजूंची पुस्तकं वाचली आणि त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. टॉलेमीच्या वाटेने जाणारे लोक गोल आणि तक्ते बघून बोलतात. अरबी परंपरेवाले जुन्या कविता आणि म्हणी गोळा करून बोलतात. रात्री बाहेर जाऊन तारा बघणारे दोन्हीकडे कमीच. ही तक्रार त्यांनी आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच स्पष्टपणे मांडली आहे, तीही मोठमोठी नावं घेऊन. अल-बत्तानींसारख्या नामवंतांनाही त्यांनी सोडलं नाही. हिजरी 335 मध्ये ते दिनवर या गावी गेले होते. तिथे अबू हनीफा अल-दिनवरी यांचं घर होतं. हे आपले इमाम अबू हनीफा नव्हेत, हे वनस्पती आणि ताऱ्यांवर लिहिणारे विद्वान. त्यांचं घर सूफींनी आवर्जून पाहिलं. आदर होताच, पण मत मात्र परखड दिलं. अरबांची माहिती गोळा करण्यात हा माणूस मोठा, पण प्रत्यक्ष ताऱ्यांच्या ओळखीत कमी पडतो, असा त्याचा आशय.

मोठ्यांच्या चुका दाखवणं सोपं असतं. पुढचं काम अवघड होतं, आणि ते सूफींनी केलं. टॉलेमीच्या यादीतला एकेक तारा घेऊन त्यांनी तो आकाशात शोधला. यादीत तिसऱ्या प्रतीचा लिहिलाय, मग तो खरंच तिसऱ्या प्रतीचा दिसतो का? शेजारच्या ताऱ्याशी तुलना करून काय वाटतं? रंग कसा आहे? यादीत दिलेल्या जागी तारा आहे तरी का? अशी हजार ताऱ्यांची उलटतपासणी. हे काम एका रात्रीत होत नाही, एका वर्षातही होत नाही. ऋतू बदलतो तसं आकाश बदलतं. चांदण्यात अंधुक तारे दिसत नाहीत, म्हणजे महिन्यातल्या निम्म्या रात्री बाद. ढग आले, धूळ उठली की आणखी बाद. हातात दुर्बीण नाही. ती यायला अजून साडेसहाशे वर्षं होती.

964 च्या सुमारास ग्रंथ तयार झाला. नाव सुवर अल-कवाकिब अल-साबिता. उर्दू जाणणाऱ्याला ते सहज कळेल. सुवर म्हणजे सूरतचं अनेकवचन, कवाकिब म्हणजे तारे, साबित म्हणजे स्थिर. स्थिर ताऱ्यांची चित्रं. प्रत्येक तारकासमूहाला आधी वर्णन, मग टॉलेमीशी कुठे पटलं नाही ते, मग अरब त्या ताऱ्यांना काय म्हणतात ते, मग चित्र, मग तक्ता. म्हणजे ग्रीक आकाश आणि अरबी आकाश त्यांनी एकाच पानावर आणलं.

चित्रं दोन-दोन आहेत. त्यामागचं कारण मजेशीर आहे. आकाशाचा गोल तयार करतात तेव्हा आपण तो बाहेरून बघतो. खरं आकाश आपण आतून बघतो. त्यामुळे गोलावरचं चित्र आरशात पाहिल्यासारखं उलटं होतं. नवशिक्याचा इथेच घोटाळा होतो. म्हणून सूफींनी एक चित्र गोलावर दिसतं तसं आणि एक आकाशात दिसतं तसं दिलं. अल-बिरूनी यांनी नोंदवलंय की सूफींनी गोलावर अगदी पातळ कागद बसवून त्यावरून आकृत्या उतरवल्या होत्या. शिकवण्याची तळमळ असलेल्या माणसालाच अशा युक्त्या सुचतात.

त्यांच्या कामातली उणी बाजूही सांगायला हवी. ताऱ्यांच्या जागा त्यांनी नव्याने मोजल्या नाहीत. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डुलतो, त्यामुळे शतकानुशतकं ताऱ्यांचे रेखांश सरकत राहतात. सूफींनी 66 वर्षांना एक अंश हा हिशोब धरून टॉलेमीच्या प्रत्येक आकड्यात 12 अंश 42 कला मिळवल्या. टॉलेमीची मूळ चूक असेल तर ती तशीच पुढे आली. पण तेजस्वितेचे आकडे मात्र त्यांचे स्वतःचे, डोळ्यांनी ठरवलेले. हजार वर्षांत कुठल्या ताऱ्याचं तेज बदललं का, हे तपासणारे आजचे संशोधक अजून त्या आकड्यांकडे वळतात, ते यामुळेच.

आणि आता तो छोटा ढग.

देवयानी या तारकासमूहात ग्रीकांना साखळदंडाने बांधलेली राजकन्या दिसायची. अरबांना त्याच भागात आडवा पडलेला एक मोठा मासा दिसायचा. सूफींनी दोन्ही चित्रं एकावर एक काढली, राजकन्येच्या अंगावर मासा. आणि माशाच्या तोंडाजवळ बारीक ठिपके देऊन एक डाग दाखवला, त्याला ढगासारखा डाग म्हटलं. टॉलेमीच्या यादीत हा डाग नाही. उपलब्ध लिखाणात या वस्तूची पहिली पक्की नोंद ती हीच.

पण हा मी शोधला, असा दावा सूफींनी कुठेही केलेला नाही. अरबांच्या माशाबद्दल सांगताना ओघात त्याचा उल्लेख येतो. बहुधा रात्री आकाश बघणाऱ्या लोकांना तो आधीपासून माहीत असावा. सूफींनी काय केलं, तर तो पाहिला, त्याची जागा सांगितली आणि कागदावर उतरवला. तो डाग म्हणजे काय, हे त्यांना माहीत असणं शक्यच नव्हतं. जगात त्या वेळी कुणालाच ते माहीत नव्हतं. 1612 मध्ये जर्मनीच्या सायमन मारियसने दुर्बिणीतून तो पाहिला. 1764 मध्ये फ्रान्सच्या शार्ल मेसिएने आपल्या यादीत त्याला 31 वा क्रमांक दिला. ही आपल्या आकाशगंगेबाहेरची चीज असावी असा अंदाज पुढे काही जणांनी केला, पण पक्का पुरावा कुणाकडे नव्हता. 1923 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत माउंट विल्सनवरच्या 100 इंची दुर्बिणीने एडविन हबल यांनी त्यात एक बदलणारा तारा पकडला, त्यावरून अंतर काढलं, आणि मग कळलं की तो डाग म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची स्वतंत्र दीर्घिका आहे. आजच्या मापाने अंतर सुमारे 25 लाख प्रकाशवर्षं. म्हणजे सूफींनी जो प्रकाश पाहिला तो माणूस जन्माला येण्याआधी तिथून निघाला होता.

म्हणून शोध लावला असं म्हणण्यापेक्षा नोंद केली म्हणावं. त्यात सूफींचा काही कमीपणा नाही. बघितलेलं बरेच जण विसरून जातात.

त्यांच्या नावावर आणखी एक श्रेय खपवलं जातं. दक्षिण आकाशातला मोठा मॅगेलनी मेघ, जी आपल्या आकाशगंगेची छोटी शेजारीण आहे, तोही त्यांनी नोंदवला असं बरेच लेख सांगतात. सूफींनी लिहिलंय ते असं : सुहैलच्या पायांखाली, म्हणजे आपण ज्याला अगस्त्य म्हणतो त्या ताऱ्याच्या खाली, काही पांढरे चमकदार तारे आहेत असं लोक सांगतात. ते इराक आणि नज्दमधून दिसत नाहीत. तिहामाचे लोक त्यांना अल-बकर म्हणतात, म्हणजे गाईगुरं. टॉलेमीने यातलं काही दिलेलं नाही, त्यामुळे हे खरं की खोटं ते आम्हाला ठाऊक नाही. बस, एवढंच. यात ढगाचा उल्लेख नाही आणि खात्रीही नाही. शिराजहून तो मेघ क्षितिजावर येतच नाही. जे डोळ्यांनी पाहिलं ते पाहिलं म्हणून लिहिलं, जे ऐकलं ते ऐकीव म्हणून लिहिलं. हदीसच्या अभ्यासात रावी कोण, त्याने स्वतः ऐकलं का, हे विचारणाऱ्या समाजातला हा माणूस. त्यांनी स्वतः न घेतलेलं श्रेय त्यांच्या गळ्यात घालणारे मेसेज पाठवून आपण त्यांच्या याच गुणावर पाणी ओततो.

याउलट जे निखळ त्यांचं आहे ते यादीत कधीच येत नाही. जंबुक तारकासमूहात कोटाच्या हँगरसारखा दिसणारा ताऱ्यांचा एक छोटा घोळका आहे. दुर्बिणीतून पाहिलात तर हसू येईल इतका हुबेहूब हँगर. साध्या डोळ्यांना तो धुरकट ठिपका दिसतो. त्याची पहिली नोंद सूफींची. दक्षिणेकडच्या नौशीर्ष समूहातल्या एका तारकागुच्छाचीही तसंच. आणि सुहा. सप्तर्षीच्या शेपटीत मधल्या ताऱ्याला चिकटलेला बारीक तारा, आपल्याकडे लग्नात नवरीला दाखवतात ती अरुंधती. टॉलेमीने तो दिला नव्हता. सूफींनी दिला, आणि अरब लोक त्यावरून नजरेची परीक्षा घेतात हेही लिहून ठेवलं.

ताऱ्यांची नावं हा तर वेगळाच खजिना आहे. वर्गात मी मुलांना इंग्रजी नावांमागचं अरबी सांगते तेव्हा उर्दू येणाऱ्या मुलींचे चेहरे खुलतात. रायजेल म्हणजे रिजल, पाय. डेनेब म्हणजे जनब, शेपूट. फोमलहॉट म्हणजे फम-उल-हूत, माशाचं तोंड. आल्डेबरान, आपली रोहिणी, म्हणजे मागून येणारी. कोणाच्या मागून? सुरैयाच्या, म्हणजे कृत्तिकांच्या. सुरैया आणि सुहैल तर आपल्या घरातलीच नावं. ही सगळी नावं एकट्या सूफींनी दिली नाहीत, पण ती नीट गोळा करून पुढे जाण्यात त्यांच्या ग्रंथाचा हात मोठा आहे.

उतारवयातही त्यांचं काम थांबलं नव्हतं. 969-970 मध्ये शिराजला त्यांनी एका मोठ्या धातूच्या कड्याच्या मदतीने सूर्याचे वेध घेतले. अमीराच्या नावावरून त्या कड्याला अझुदी कडं म्हणत. अस्तरलाब या यंत्राच्या वापरावर त्यांनी मोठे ग्रंथ लिहिले. अझुद-उद-दौलासाठी त्यांनी चांदीचा एक आकाशगोल घडवला होता. 1043 मध्ये तो कैरोच्या फातिमी ग्रंथालयात पोचलेला होता. वजन तीन हजार दिरहम आणि किंमत तीन हजार दिनार, अशी नोंद आहे. पुढे त्याचं काय झालं कळत नाही. चांदी वितळते.

हिजरी 376 च्या मोहरममध्ये, म्हणजे मे 986 मध्ये, शिराजला त्यांचा इंतकाल झाला. हिजरी हिशोबाने पंच्याऐंशी वर्षांचं आयुष्य. त्यांच्या मुलाने तारकासमूहांवर एक लांब कविता रचली, म्हणजे वारसा घरातही टिकला.

ग्रंथाचा प्रवास मात्र मोठा झाला. तेराव्या शतकात नसीरुद्दीन तूसी यांनी त्याचं फारसीत भाषांतर केलं. समरकंदच्या उलुग बेगकडे त्याची एक देखणी प्रत होती, ती आज पॅरिसला आहे. स्पेनमध्ये राजा दहाव्या अल्फोन्सोच्या पंडितांनी त्याचा उपयोग केला. लॅटिनमध्ये सूफींचं नाव अझोफी झालं. 1515 मध्ये जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्युरर याने उत्तर आकाशाचा नकाशा छापला, त्याच्या चार कोपऱ्यांत चार विद्वान बसवले. त्यातल्या एका कोपऱ्यात पागोटं घातलेले अझोफी आहेत, दुसऱ्या कोपऱ्यात खुद्द टॉलेमी. चंद्रावरच्या एका विवरालाही अझोफी हे नाव आहे.

आणि मूळ अरबी ग्रंथ छापला कुठे गेला? आपल्या शेजारी. 1954 मध्ये, हैदराबादच्या दाइरतुल मआरिफने. मराठवाडा त्याच्या सहा वर्षं आधीपर्यंत त्याच निजामाच्या राज्यात होता. औरंगाबाद, बीड, नांदेडच्या जुन्या घरांत दाइरतुल मआरिफची पुस्तकं असतात. कुणाच्या आजोबांच्या कपाटात हे असेल, तर रद्दीत घालण्याआधी एकदा बघा.

इराणमधल्या हौशी निरीक्षकांनी सूफींची आठवण वेगळ्या पद्धतीने जपली आहे. त्यांच्या नावाने तिथे आकाशनिरीक्षणाची स्पर्धा सुरू झाली. पहिली 2006 मध्ये सेमनान प्रांताच्या उत्तर भागात, दुसरी 2008 च्या उन्हाळ्यात जाहेदानजवळच्या लादीझला. इराण आणि इराकमधून शंभराहून जास्त लोक जमले. शहरापासून लांब, काळोख्या माळावर, रात्रभर दुर्बिणी लावून बसायचं. 1980 च्या दशकात हेच दोन देश आठ वर्षं एकमेकांशी लढत होते.

महाराष्ट्रातही अमावास्येच्या आसपास मुंबईची मंडळी वांगणी-नेरळकडे रात्र काढायला जातात. त्यासाठी महागडी दुर्बीण लागत नाही. खरी अडचण उजेडाची आहे. गावाच्या चौकातला हायमास्ट, पेट्रोलपंप, मंगल कार्यालयाची रोषणाई, आणि मशिदीच्या मिनारावर वर्षभर जळणारे फ्लडलाइट, ते पण. सूफींना शिराजच्या गच्चीवरून जे दिसत असेल, ते आपल्या तालुक्याच्या गावातून आता दिसत नाही. मी आठवीच्या मुलांना विचारलं होतं, आकाशगंगेचा पट्टा कुणी पाहिलाय. चाळीसपैकी तिघांचे हात वर झाले, तिघेही ऊसतोड कामगारांची मुलं.

बघायचं असेल तर ऑक्टोबर अखेर ते डिसेंबर हा काळ चांगला. नवा चांद दिसायच्या आधीच्या दोन-चार रात्री निवडा. गावाबाहेर जा, मोबाईल खिशात ठेवा आणि डोळ्यांना अर्धा तास अंधाराची सवय होऊ द्या. नोव्हेंबरच्या सुरुवातीला रात्री नऊ-दहाच्या सुमारास भाद्रपदांचा मोठा चौकोन जवळपास डोक्यावर असतो. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातून देवयानीच्या ताऱ्यांची ओळ निघते. त्या ओळीत एक ठळक, किंचित लालसर तारा आहे, मिराक. हे नाव मूळ मिअजर, म्हणजे कमरेचं वस्त्र. आपली विजार ज्या इजारवरून आली, त्याच कुळातला शब्द. मिराकपासून उत्तरेला शर्मिष्ठेच्या दिशेने वळा. आधी एक अंधुक तारा, मग आणखी एक. त्या दुसऱ्याच्या अगदी बाजूला बघा, पण थेट रोखून नको, नजर जराशी तिरकी ठेवा. अंधुक गोष्ट डोळ्याच्या कडेने जास्त चांगली दिसते. फुंकर मारून काचेवर आणलेल्या वाफेसारखा एक लांबट डाग दिसेल. तोच तो, माशाच्या तोंडाजवळचा.